लेनाचा बिल्ला

व्हर्ना कोबलने आपलं नाव कोरलेला पितळी बिल्ला बाहीला घासून पुसला आणि डोंगरवाटेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या फळ्यावरच्या खिळ्याला अडकवला. सकाळचं कोवळं ऊन पडलं होतं, पाईनच्या चिकाचा वास सुटला होता. वरच्या तळ्यापर्यंत जायचं, तिथं बसून दोन घास खायचे आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं, एवढाच तिचा बेत होता. उन्हाळा लागला की दरवर्षी ती हे करायची, आणि एकटीच करायची.

लँटर्न क्रीकमधली चांदीची खाण बंद पडून जमाना झाला, पण खाणीतली ही रीत गावाने सोडली नव्हती. आत जाताना बिल्ला लावायचा, बाहेर आल्यावर ज्याचा त्याने काढायचा. आता कुणी जमिनीखाली उतरत नव्हतं, लोक वर डोंगरात जात होते, तरी नियम तोच होता. सूर्य मावळल्यावर खिळ्यावर बिल्ला लटकताना दिसला, की राखणदाराने घंटा वाजवायची आणि सगळ्या गावाने विजेऱ्या घेऊन निघायचं. खिळा रिकामा असेल तर माणूस खाली आला, विषय संपला.

व्हर्नाच्या थोरल्या बहिणीचा, लेनाचा विषय गावाने असाच संपवला होता. लेना ऐन तारुण्यात एकटी वर गेली आणि संध्याकाळी तिचा खिळा रिकामा होता. त्यात बेकरीवालीने तिला ओल्या केसांनी हमरस्त्याकडे जाताना पाहिलं होतं, तेही पाठमोरं. मग काय, लेना कुणाचा तरी हात धरून पळाली असं गावाने ठरवून टाकलं. आई मात्र मरेपर्यंत दारातला दिवा रात्रभर जळत ठेवायची. व्हर्नाने त्या गोष्टीवर एक दिवसही विश्वास ठेवला नाही. जिने आईला न सांगता कधी दुकानातसुद्धा पाऊल टाकलं नाही, ती पळून जाईल आणि एक ओळही लिहिणार नाही? ज्यांनी आपल्या बहिणीला शोधलं नाही त्यांच्या नाकावर टिच्चून आपण दरवर्षी वर जायचं, असं तिने तेव्हाच ठरवलं होतं.

फळ्याचा राखणदार हार्लन पेंगेली आपल्या खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होता. शाळेत तो तिच्या मागच्या बाकावर बसायचा आणि तेव्हापासून दोघांची जुंपायची. त्याच्या आधी फळा त्याचे वडील राखायचे. लेनाचा खिळा रिकामा बघून घरी जाऊन जेवले ते हेच गृहस्थ.

"यंदा बर्फ उशिरापर्यंत राहिलाय," हार्लन म्हणाला. "गुडघा दुखतोय तुझा. कुणाला तरी सोबत ने."

"तू येतोस?"

"मला अजून जगायचंय."

"मग बस खुर्ची सांभाळत. तुझ्या घराण्याला तेवढंच जमतं." असं म्हणून तिने कागदात गुंडाळलेला पोतिकेचा तुकडा त्याच्या मांडीवर टाकला. अक्रोड भरलेली ती गोड गुंडाळी ती त्याच्यासाठी दरवर्षी आणायची. टोमणा आधी आणि खाऊ नंतर, हा क्रम मात्र कधी चुकला नव्हता.

खालच्या तळ्यापर्यंत रानफुलं होती, मधल्या तळ्यापासून बर्फ सुरू झाला. सकाळचा बर्फ टणक असतो, त्यावर पाऊल वाजतं आणि चालायला बरं वाटतं. व्हर्नाच्या डाव्या काठीच्या टोकाची चकती मागच्या वर्षीच तुटली होती, त्यामुळे ती काठी बर्फात खोल रुतायची आणि मागे बारीक भोकांची रांग पडायची. नवी काठी घे म्हणून शहरात राहणारी मुलगी कानीकपाळी ओरडत होती. काठी अजून मोडलेली नाही, असं व्हर्नाचं त्यावर म्हणणं होतं.

वरचं तळं सरत्या उन्हाळ्यापर्यंत गोठलेलं असे. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखा पांढुरका बर्फ त्यावर धरलेला असायचा, म्हणून गावात त्याला आंधळं तळंच म्हणत. काठाचा बर्फ जागोजागी गुलाबी पडला होता आणि त्याला कलिंगडासारखा वास येत होता. हे दरवर्षीचंच, बर्फात वाढणाऱ्या शेवाळाचं. व्हर्ना एका खडकावर बसली. पाव-चीज खाल्लं, लेनाच्या वाटचा तुकडा खडकावर ठेवला आणि थोडा वेळ डोळे मिटले. खडकांतल्या उंदरांच्या शिट्ट्या चालू होत्या. तळ्यावरचा बर्फ अधूनमधून आतल्या आत कण्हत होता.

मग शिट्ट्या थांबल्या. कण्हणंही थांबलं. कानात दडे बसावेत तशी शांतता झाली आणि तिने डोळे उघडले.

समोर काठाशी बर्फ वितळून काळ्या पाण्याची एक फट उघडली होती. त्या फटीतून पावलं बाहेर आली होती.

ती मघाशी नव्हती. ओली पावलं होती, त्यांच्यात गुलाबी पाणी साचलं होतं, आणि ती तिच्या खडकाला वळसा घालून उताराकडे गेली होती. व्हर्ना वाकून बघू लागली. डाव्या टाचेच्या जागी जुन्या टायरच्या तुकड्याचा ठसा होता. तसा तुकडा तिने स्वतः ठोकला होता, आपल्याच बुटाला. आणि पावलांच्या डाव्या अंगाला बारीक, खोल भोकांची रांग होती.

तिने खाली पाहिलं. मधल्या तळ्याच्या वरच्या उतारावरून कुणीतरी चाललं होतं. विटकी निळी टोपी, डाव्या गुडघ्यावर भार न देता टाकलेलं पाऊल. व्हर्नाचा हात आपोआप डोक्याकडे गेला. टोपी डोक्यावरच होती.

ती घाबरली, यात लाजण्यासारखं काही नाही. पण भीतीच्या मागोमाग तिला दुसरी गोष्ट उमगली आणि ती समजताच तिचं डोकं भडकलं. ते जे खाली चाललं होतं, ते फळ्याजवळ जाणार होतं. तिचा बिल्ला काढणार होतं. हार्लन रिकामा खिळा बघून घरी जाणार होता, आणि मग व्हर्ना कोबल इथं मेली काय, जगली काय, घंटा वाजणार नव्हती. लेनाचं हेच झालं होतं. बेकरीवालीने पाहिलेली लेना नव्हतीच. लेना वर होती, कुणी येईल म्हणून वाट बघत होती, आणि खाली गाव तिच्या नावाने बोटं मोडत होतं.

"बिल्ला मी लावलाय," व्हर्ना तळ्याला म्हणाली. "मीच काढणार."

ती त्या पावलांमागे उतरू लागली. डोंगरावर ढग जमले होते, दूर कुठंतरी गडगडत होतं. दुपारच्या उन्हाने बर्फ भुसभुशीत झाला होता. अशा वेळी डोंगरातली माणसं एक गोष्ट करतात. पुढे कुणी गेलं असेल तर त्याच्याच पावलात पाऊल टाकतात, कारण ज्याने त्याचं वजन पेललं तो बर्फ आपलंही पेलतो. लहानपणापासून अंगात मुरलेली सवय. ती पावलं कुणाची आहेत हे माहीत असूनही व्हर्नाने तेच केलं. मधल्या तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यावर बर्फाचा पूल होता. पावलं त्यावरून पलीकडे गेली होती. ज्याला वजनच नव्हतं, त्याचं ओझं त्या पुलाने पेललं होतं. व्हर्ना मध्यावर पोचली आणि पूल खचला.

ती कमरेपर्यंत आत गेली. पाय दोन दगडांत अडकला, खालून बर्फाचं पाणी बुटात शिरलं. ओढा अंधारात खळखळत होता आणि ओल्या लोकरीचा वास येत होता. लेना गेली तेव्हा तिच्या अंगात आईने विणलेला लोकरीचा स्वेटर होता.

खाली कुणीतरी टकटक केली.

पाण्याने दगड आपटत असेल, असं व्हर्नाने स्वतःला समजावलं. पुन्हा टकटक झाली. थांबून, दमून केलेली. खाणीत दरड कोसळली की आत अडकलेला माणूस कातळावर तशी टकटक करतो. ज्याला ऐकू येईल त्याने उत्तर द्यायचं असतं. आधी लोखंड दगडावर खरवडायचं, मग एक ठोका. ऐकलं, येतोय. वडिलांनी दोघी बहिणींना जेवणाच्या टेबलावर चमच्याने ते शिकवलं होतं आणि आईने त्यापायी तिघांनाही ओरडा दिला होता.

व्हर्नाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने काठीचं टोक खाली खडकावर टेकवलं आणि जोर लावून ओढलं. खर्र... टक.

टकटक थांबली. त्यानंतर ती जिवाच्या आकांताने झगडली. पाठपिशवी बर्फावर आडवी टाकून तिच्यावर छाती टेकवली, अडकलेल्या बुटाची नाडी चाचपडत सोडली, पाय मोकळा केला, मग हात घालून बूटही उपसून काढला, कारण मोज्यावर खाली पोचता येत नाही आणि तिला पोचायचं होतं. पुढच्या वाटेवर तिने त्या पावलांकडे बघितलंसुद्धा नाही. स्वतःची वाट स्वतः तुडवत, वेगळ्या अंगाने, शिव्या घालत ती उतरली.

ती पोचली तेव्हा सूर्य कड्याआड गेला होता. हार्लन खुर्ची घडी करून निघायच्या तयारीत होता. तिला बघून तो जागच्या जागी थिजला.

"तू..." तो म्हणाला. "तू तर मघाशीच घरी गेलीस."

"काय बोलले मी?"

"काहीच नाही. केस ओले होते तुझे. खिळ्याशी गेलीस आणि माझ्याकडे न बघता निघून गेलीस." त्याने घडी केलेली खुर्ची खाली ठेवली. "टोमणा न मारता गेलीस, तेव्हाच मला वाटलं काहीतरी बिनसलंय. पण मी काही बोललो नाही..."

"आणि खिळा?"

"रिकामा. आत्ताच बघितला मी. या डोळ्यांनी."

व्हर्नाने फळ्याकडे बोट केलं. तिच्या खिळ्यावर बिल्ला होता. हार्लन जवळ गेला. बिल्ला हिरवा पडला होता, त्यातून पाणी ठिबकत होतं. हार्लनने अंगठ्याने गंज पुसला आणि नाव वाचताच हात असा मागे घेतला, जणू चटकाच बसला. नाव लेना कोबलचं होतं.

त्याने अंगठा पँटला पुसला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "इतक्या वर्षांनी... मी लोकांना काय सांगू, व्हर्ना?"

"काही सांगू नकोस. सूर्य मावळलाय आणि बिल्ला फळ्यावर आहे. नियम तुझ्या बापाचाच आहे. घंटा वाजव."

त्याने वाजवली. दोन्ही हातांनी दोरी धरून अशी वाजवली, की दरीतून तिचा घुमारा परत आला. गावात एकेक दार उघडलं. मधल्या तळ्याचा ओढा, बर्फाचा खचलेला पूल, तिथं खाली, असं व्हर्नाने आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. ज्यांनी लेनाच्या नावाने दात काढले होते त्यांच्या हातांतही तिने फावडी दिली आणि त्यांनी ती मुकाट्याने घेतली. आईने हे बघायला हवं होतं, असं तिला फार वाटलं.

विजेऱ्यांची रांग वर चढू लागली. हार्लन तिच्याजवळच उभा होता. त्याने हळूच तिच्या बाहीला हात लावला.

"व्हर्ना... तुझ्या घरी कोण आलंय?"

तिने वळून पाहिलं. रस्त्याच्या टोकाला तिचं घर दिसत होतं. सकाळी कुलूप लावून निघाली होती ती. किल्ली खिशात होती. धुराड्यातून धूर निघत होता आणि दारातला दिवा लागला होता. आईच्या माघारी व्हर्नाने त्या दिव्याची तार स्वतःच्या हाताने तोडली होती.

"जाऊ नकोस," हार्लन म्हणाला.

"माझा बिल्ला तिथं आहे," व्हर्ना म्हणाली. "आणि घरही माझंच आहे."

ती काठी टेकत गेली. फाटकापासून दारापर्यंत ओली पावलं होती, आत जाणारी. दाराच्या काचेतून आतला खिळा दिसत होता, ज्यावर ती एरवी बिल्ला टांगून ठेवायची. बिल्ला तिथं होता आणि नुकताच टांगल्यासारखा हलत होता. स्वयंपाकघरातून अक्रोड भाजल्याचा वास येत होता. मागे डोंगरावरून माणसांच्या हाका ऐकू येत होत्या, लेनाच्या नावाने मारलेल्या.

व्हर्नाने काठी उचलली आणि दारावर टकटक केली.

आत पावलं वाजली. दारापर्यंत आली, थांबली. मग दाराच्या आतल्या बाजूने कुणीतरी काहीतरी लोखंडी, सावकाश, वरून खाली खरवडत नेलं, आणि एकच ठोका दिला. ऐकलं, येतोय.

व्हर्नाने किल्ली कुलपात घातली आणि फिरवली.