‘रोसाउरा’वरचा आकडा

‘रोसाउरा’ सकाळी आचाओच्या धक्क्यावरून सुटायची, वाटेतल्या बेटांना लागत लागत केनाकपर्यंत जायची आणि दुपार कलताना परत यायची. लाँचवर वीस माणसांची परवानगी होती. पण माणसांना नाही म्हणायचा एरिबेर्तो कार्कामोला भारी कंटाळा. कुणी कोंबड्या घेऊन उभं असलं, कुणी पोर कडेवर घेऊन, की हा म्हणायचा, चला, सरका थोडं. बंदरावरच्या अधिकाऱ्याने आधी समजावलं, मग बजावलं, की आता एक माणूस जरी जास्त दिसलं तर लाँच बांधून ठेवीन. तेव्हा एरिबेर्तोची बायको ओतिलिया भाचीच्या दुकानात येऊन बसली.

“तो माणसाचं ऐकत नाही,” ती म्हणाली. “एखाद्या यंत्राचं ऐकतो का बघ.”

एल्सिरा बारिया ही एरिबेर्तोच्या बहिणीची मुलगी. वाल्दिव्हियाला इलेक्ट्रॉनिक्स शिकून परत आली होती आणि चढावरच्या लाकडी घरात खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी राहायची. सामन माशांच्या पिंजऱ्यांवर खाणं टाकणारी यंत्रं, बोटींचे वायरलेस, पंप, जे बिघडेल ते तिच्याकडे यायचं. प्रत्येक बिघाडाला एक पत्ता असतो, असं ती मानायची. शोधत गेलं की तो सापडतोच. आजवर तसंच होत आलं होतं.

बोर्ड तिने अगदी साधा आखला. लाँचच्या कठड्यात चढा-उतरायला एक मोकळी जागा होती, फळी तिथेच लागायची. त्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांमध्ये कमरेच्या उंचीवर न दिसणाऱ्या उजेडाचे दोन झोत, एक बाहेरचा आणि एक आतला. आधी बाहेरचा तुटला आणि मग आतला, तर माणूस चढलं. उलट झालं, तर उतरलं. हा हिशेब ठेवायला मधे एक मायक्रोकंट्रोलर, नखाएवढा. प्रत्येक झोत तुटला की त्याचा तांबडा दिवा लुकलुकायचा, वर आकडा दिसायचा, आणि आकडा विसाच्या पुढे गेला की भोंगा. लाँच चालवणाराही माणूसच, म्हणून तोही मोजला जायचा.

दुकानातल्या टेबलावर बोर्डने एकदाही चूक केली नाही. तिने हात घातला, काठी घातली, अर्धवट आत नेऊन मागे घेतली. बोर्डवर वार्निशचा थर दिला आणि त्याच्यावर खारं पाणी उडवलं. कपडे धुवायच्या यंत्राला तो बांधून यंत्र पिळायला लावलं. आकडा ढळला नाही.

लाँचवर मात्र पहिल्याच दिवशी गंमत झाली. आचाओला सगळे उतरले, मामा उतरला, ती उतरली, आणि आकडा राहिला एक.

“कोण राहिलंय गं?” मामाने धक्क्यावरून विचारलं.

“कुणी नाही. मोजण्यात काहीतरी चुकलंय.”

“शाळेत हिशेबात पक्की होतीस म्हणे. तुझ्या डबीची बोटं कमी पडली वाटतं.”

तिने आकडा पुसून शून्य केला आणि बोर्ड घरी आणला. उन्हाचं प्रतिबिंब असेल, म्हणून झोताला ठरावीक ठोक्याची लय दिली; त्या लयीचा नसलेला उजेड बोर्ड आता जुमानणार नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. इंजिनाच्या विजेत खडखड असते, म्हणून आत येणाऱ्या तारेवर गाळणी बसवली. पुन्हा एक. लाटेचा शिंतोडा दोन्ही झोत ओलांडत असेल, म्हणून बादलीने पाणी फेकून पाहिलं. पाणी फार झटकन निघून जात होतं. माणूस ओलांडायला जेवढा वेळ घेतं तेवढा लागला तरच मोजायचं, असं तिने लिहिलं. तरीही एक. शेवटी दुसरा बोर्ड नव्याने केला. नवी चिप, नव्या तारा, नवे झोत. जुन्यातला एक स्क्रूसुद्धा घेतला नाही.

संध्याकाळी नव्या बोर्डनेही एकच दाखवला.

मग एल्सिराने यंत्रावर उपाय करणं थांबवलं आणि नुसतं पाहायचं ठरवलं. केनाकहून परतताना ती त्या मोकळ्या जागेसमोरच्या बाकावर, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसून राहिली. कठड्याला साखळी लावलेली होती. पाणी शांत, राखाडी. डाव्या हाताला पुरेओ बेट आलं, ज्याच्यावर आता कुणी राहत नाही; बटाट्यांच्या कोठारांची छपरं बसलेली आणि किनाऱ्यावर सफरचंदाची रानटी झालेली झाडं. लाँच त्या बेटाच्या समोर, खाडीच्या मध्यावर आली.

बाहेरचा दिवा लुकलुकला. जरा वेळाने आतला. एखादं म्हातारं माणूस सांभाळून पाय टाकतं, तेवढाच वेळ.

आकडा एकाने वाढला.

साखळी हलली नव्हती. समोर पाणी होतं. एल्सिरा उठली नाही. तिला वाटलं, आपण उठलो तर कुणाला तरी वाट करून दिल्यासारखं होईल. काही क्षणांनी ती सावकाश बाकाच्या टोकाला सरकली आणि तशीच केबिनमध्ये मामाकडे गेली.

मामाच्या हातात ‘माते’चा, म्हणजे कडवट पाल्याच्या चहाचा पेला होता, नळी ओठांत. नजर पुढे.

“मामा, इथे काय आहे?”

“पाणी.”

“खरं सांग.”

त्याने पेला खाली ठेवला. “इथे सुकाणू जड होतं. थोडंसं. आचाओला लागेस्तोवर जडच राहतं. माझ्या बापालाही लागायचं. प्रवाह असेल.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीस? मी वेड्यासारखे बोर्ड बदलत बसले.”

“काय बोलणार? तेव्हा आकडा नव्हता ना,” मामा म्हणाला. “आकडा नसला की जड म्हणजे नुसतं जड.”

रात्री जेवताना तिने ओतिलियामामीला सांगितलं की बोर्ड अजून थोडे दिवस तपासायचाय. मामीने मिल्काओचा, बटाट्याच्या भाकरीचा, आणखी एक तुकडा तिच्या ताटात टाकला आणि म्हणाली, “तपास. पण नेमकं कर हो. त्याच्या जिवावर बेतलं तर मला यंत्राकडे बघत बसायचं नाहीये.”

त्या आठवड्यात केनाकला एका बाळाचा बाप्तिस्मा होता. त्या दिवशी एल्सिरा मुद्दाम लाँचबरोबर गेली. परत येताना तेरा पाहुणे चढले, उरलेल्या मटणाची पातेली, सफरचंदाच्या दारूचा कॅन, एक अकॉर्डियन. तेरा पाहुणे, ती आणि मामा. आकडा पंधरा, बरोब्बर. दुपार होती, पण धुकं इतकं खाली उतरलं होतं की लाँचचं नाकसुद्धा दिसत नव्हतं. अकॉर्डियनवाला, रोलांदो नावाचा, जाडसर, लाल गालांचा गडी, तरी वाजवतच होता.

“मामा, लांबून जाऊ या का?” एल्सिराने हळूच विचारलं. “पुरेओवरून नको.”

“धुक्यात लांबून? पलीकडे खडक आहेत पोरी. ओळखीचीच वाट बरी.”

ती समोरच्या बाकावर जाऊन बसली. इंजिनाचा आवाज धुक्यात कोंडल्यासारखा येत होता. एका बाईने तिला गोड पाव दिला. तो तिने हातातच धरून ठेवला.

बाहेरचा दिवा लुकलुकला. मग आतला.

सोळा.

तिने श्वास सोडला. नेहमीचंच, ती स्वतःला म्हणाली. एक.

बाहेरचा. आतला. सतरा.

आणि लगेच पुन्हा. आता मधे थांबणंही नव्हतं, धक्क्यावर रांग लागते तसं. अठरा. एकोणीस. पायांखालची फळ्यांची जमीन तिला किंचित झुकल्यासारखी वाटली. रोलांदोने वाजवणं थांबवलं.

“पाणी बघा किती वर आलंय,” कुणीतरी म्हणालं.

कठड्याच्या खालची निळी पट्टी एरवी पाण्याच्या वर वीतभर असायची. ती दिसत नव्हती. पाव देणारी बाई बाकावर उगाचच कडेला सरकली, शेजारच्याला जागा करून द्यावी तशी. तिच्या शेजारी कुणी नव्हतं.

वीस.

एकवीस, आणि भोंगा वाजला.

मामा केबिनच्या दारात आला. त्याने आकडा पाहिला, मग माणसं पाहिली, मग पाणी. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. वीस वर्षं लोकांना सरका म्हणणारा माणूस, पहिल्यांदाच जागा नाही हे त्याला कळलं होतं.

“पुरेओला लावतो,” तो म्हणाला.

“मामा, तिथे नको.”

“बुडायचंय का इथे? लावतो, उतरवतो, निघतो. तू लोकांना बसवून ठेव. कुणी उठायचं नाही.”

त्याने इंजिन मंदावलं आणि लाँच डावीकडे वळवली. भोंगा वाजतच होता. बाळाच्या आईने बाळाचे कान झाकले. तळाला गोटे खरखरले, धुक्यात सफरचंदाच्या झाडांचे काळे फाटे दिसले आणि लाँच थांबली. मामाने साखळी काढली, फळी टाकली. किनारा उतरता होता, फळी ठरेना. म्हणून तो स्वतः खाली उतरला, तिचं टोक धरायला.

आतला दिवा, बाहेरचा दिवा. वीस. भोंगा बंद झाला.

त्या शांततेत मामाचा आवाज आला. बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्यांना उतरवताना यायचा तोच, जरा चढा, जरा लाडाचा.

“चला. सावकाश. हात द्या इकडे.”

आतला. बाहेरचा. एकोणीस.

“हां, पाय इथे.”

अठरा. सतरा. फळी प्रत्येक वेळी थोडी वाकत होती. एल्सिराने एका हाताने खांब धरून ठेवला होता. सोळा. पंधरा. चौदा.

मग काही नाही. फळी सरळ झाली. निळी पट्टी पाण्याच्या वर आली.

“झालं, मामा. चौदा. सगळे गेले. ये वर.”

उत्तर आलं नाही.

“मामा?”

“फळी ओढ,” तो धुक्यातून म्हणाला. “मी ढकलून पुढून चढतो.”

तिने आणि रोलांदोने फळी आत ओढली. लाँच हलली, गोट्यांवरून सुटली, आणि पुढच्या बाजूला बूट टेकल्याचा आवाज झाला. केबिनचं दार वाजलं. इंजिनाने वेग घेतला. एल्सिराने साखळी लावली आणि बाकावर बसली. आकडा एकाने कमी आहे, हे तिच्या ध्यानात होतं: मामा फळीवरून उतरला तेव्हा मोजला गेला, नाकावरून चढला तेव्हा नाही. याला पत्ता होता. तिला बरं वाटलं. हातातला चुरगळलेला पाव तिने खाऊन टाकला.

आचाओचा धक्का आला तेव्हा धुकं विरळ झालं होतं. ओतिलियामामी शाल गुंडाळून वर उभी होती. उशीर झाला म्हणून आलेली. माणसं उतरू लागली. पातेली, कॅन, बाळ. तेरा, बारा, अकरा. रोलांदो अकॉर्डियन छातीशी धरून शेवटी उतरला.

आकडा एक.

लाँचवर आता ती आणि मामा, दोघं. मामा उतरला की शून्य होईल, आणि ती उतरली की शून्याच्याही खाली जायला आकडा उरणार नाही. तेव्हा बोर्ड काय करतो ते पाहायला हवं, असा साधा कामाचा विचार तिच्या मनात आला.

मामा केबिनमधून बाहेर आला. तिच्याकडे पाहून त्याने मान डोलावली. बूट ओले होते. तो मोकळ्या जागेतून, दोन्ही खांबांच्या मधून चालत गेला आणि फळीवरून धक्क्यावर उतरला.

दिवे लागले नाहीत. ना आतला, ना बाहेरचा.

एल्सिराने हात पुढे केला. आतल्या झोतात घातला, दिवा लुकलुकला. काढून घेतला. एकच झोत तुटला होता, म्हणून आकडा हलला नाही. सगळं चालू होतं.

वर मामीने त्याचा कोट झटकला, काहीतरी बोलली, आणि त्याचा हात धरून चढाच्या दिशेने वळली. तो मागे वळला.

“ये ना,” तो म्हणाला. “जेवण थंड होईल.”

ती जागची हलली नाही. तिने पुन्हा आकड्याकडे पाहिलं. या सगळ्या दिवसांत आचाओला परतल्यावर बोर्ड पहिल्यांदाच बरोबर होता. लाँचवर एकच माणूस होतं, आणि बोर्ड एकच दाखवत होता.