आठ दिवसांत परत

"हॅलो… हॅलो… माइक टेस्टिंग… एक, दोन, तीन…"

"बोला ना, ऐकतोय!"

उत्तर आलं ते दुकानाच्या दारातल्या पाण्याच्या जारपाशी उभ्या असलेल्या माणसाकडून. मे महिन्याची दुपार, उस्मानपुऱ्यातला रस्ता नुसता तापलेला, आणि हा पठ्ठ्या आमच्या जारचं पाणी पिऊन वर मलाच उत्तर देत होता! अंगात कंपनीचा निळा शर्ट, मिशीवर पाण्याचे थेंब. मला राग आला असं मी पुढे कितीदा म्हटलं, पण खरं सांगायचं तर हसू आलं होतं.

"पाणी फुकट आहे, बोलणं नाही," मी म्हटलं.

"मंग बोलायसाठी काय घ्यावं लागंल?"

असा तो आत आला. नाव बिरू, राहायला पडेगावला. मी द्वारका. वैजापूरकडच्या शेतकऱ्याची लेक, मावशीकडे राहून स्पीकर, माइक, हेडफोन विकायला बसलेली. गावाचं नाव ऐकल्याबरोबर तो खुलला. "आवं, आमची मेंढरं दरसाल तिकडंच नदीकाठी, गंगथडीला बसत्यात! तुमच्या वावरात सुदिक खताला बसली असतील!"

"म्हणजे ओळख मेंढरांची आहे, आपली नाही," मी म्हटलं, आणि तो असा हसला की शेजारच्या गिऱ्हाइकानं वळून पाहिलं.

त्याला स्पीकर हवा होता, वडिलांसाठी. आप्पा बिरोबाच्या जत्रेत ओव्या गायचे. "औंदा आवाज बसलाय त्यांचा. आन् देवळाच्या त्या अंगाला पोरं डीजे लावत्यात. मोठा आवाज नको मला… मानसाचा आवाज मानसासारखा ऐकू यावा, एवढंच."

मी त्याला खांद्याला अडकवायचा, माइक असलेला एक काळा स्पीकर दाखवला. त्याला पसंत पडला. पण घेतला नाही. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आला, पुन्हा तोच स्पीकर ऐकला. मग तिसऱ्यांदा. मग चौथ्यांदा.

"घ्यायचाय, का नुसता ऐकायचाय?"

"घ्यायचाय हो… पण घेतला, की इकडं यायला निमित्त नाय ऱ्हायचं."

मी मान खाली घालून उगाच वायर गुंडाळत बसले. वायर आधीच गुंडाळलेली होती.

शेवटी जत्रा जवळ आली तेव्हा, एका मंगळवारी, त्यानं पैसे काढले. तरी हात अडखळला. "आप्पाला नाय आवडला तर?"

मी बोट वर केलं. आमच्या शेठनं, बद्रीनाथशेठनं, भिंतभर पाटी लावली होती. 'आठ दिवसांत परत. कारण विचारणार नाही.'

"पाटीचं सोडा. तुम्ही सांगा."

"मी सांगते ना. बिनघोर घेऊन जा."

बिलाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात काय छापलंय ते मला पाठ होतं. खोक्याचं सील तुटलं की माल वापरलेला. मग पाचवा हिस्सा कापायचा, त्याला 'रिस्टॉकिंग चार्ज' म्हणायचं, आणि उरलेले पैसेही रोख द्यायचे नाहीत, दुसरा माल गळ्यात मारायचा. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, ही शेठची ताकीद. सील न तोडता घरी स्पीकर ऐकणार कसा, हे कुणी विचारत नसे. दिवसाला दहा जणांना मी हे 'बिनघोर' ऐकवत होते. तो अकरावा. जिभेला वळणच पडलं होतं माझ्या.

जाताना तो म्हणाला, "रविवारी या ना जत्रंला. आप्पाचं ऐकायला."

"बघू…"

बघू कसलं! त्याच संध्याकाळी मी गुलमंडीवरून हिरव्या बांगड्या आणल्या. पण रविवारी दुकानात गर्दी, शेठनं सुट्टी दिली नाही. बांगड्या घालून मी दिवसभर लोकांना हेडफोन दाखवत बसले.

सोमवारी तो आला. खोकं छातीशी धरलेलं, दाढी वाढलेली, पायात चप्पल नाही. उंबऱ्याबाहेरच थांबला.

"आत या ना. पाणी घ्या."

"नको. सुतक हाय मला." त्यानं जारकडे पाहिलंसुद्धा नाही. "आप्पा गेले… शुक्रवारी."

मी काउंटरमागून उठले.

"सुतकात येऊ नये. पर उद्या आठ दिवस भरत्यात ना… आईला हे खोकं डोळ्यासमोर बघवत नाय. पैसे दहाव्याला लागतील."

मीच बाहेर जाऊन खोकं आणलं आणि उघडलं. स्पीकरच्या जाळीवर पिवळीधमक पाच बोटं उमटलेली होती. घरात नवी वस्तू आली की आधी देवाचा भंडारा लावायचा, मगच वापरायची. आप्पांनी तेच केलं होतं.

"एकदाच बोलले त्यात," बिरू म्हणाला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं, एवढंच. मंग म्हणले, आता जत्रंत."

शेठ गल्ल्यावरून उठून आले. त्यांनी जाळीवरून बोट फिरवलं, पिवळं झालेलं बोट माझ्या तोंडापुढे धरलं. "वापरलेला माल आहे. चार्ज कापा. रोख नाही, दुसरं काही घेऊ दे."

"शेठ, मी त्यांना तोंडानं सांगितलं होतं. कारण विचारणार नाही म्हणून."

"तोंडाचं बिल नसतं, बाई."

बिरूनं भांडायला हवं होतं. पाटीकडे बोट दाखवून चार माणसं गोळा करायला हवी होती. तो फक्त माझ्याकडे बघत राहिला.

"तुम्हाला ठाव होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. त्याला तेच ऐकायचं होतं, दिसत होतं मला.

"व्हय," मी म्हटलं. "ठाऊक होतं."

त्यानं जाळीवरच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "पैशाचं काय नाय हो. मी आप्पाला सांगितलं होतं… दुकानात एक पोरगी हाय, शब्दाची पक्की हाय. ते म्हणले, मंग जत्रंला बोलव तिला, मला बघू दे."

मी रडले. गिऱ्हाइकांसमोर, शेठसमोर, लाज न बाळगता रडले. "पैसे मी देते… माझ्या पगारातून," म्हटलं, तर त्यानं मान हलवली.

"द्या तो इकडं. तुमी पुसून पुन्हा नवा म्हणून इकताल. बोटं हायेत त्यांची."

माझ्या हातातून स्पीकर घेऊन तो अनवाणीच तापलेल्या रस्त्यानं गेला. मी दारापर्यंत धावले. हाक मारायला तोंड उघडलं, आणि कोणत्या तोंडानं मारू, हे कळेना.

दुसऱ्या दिवशी मी खडूनं त्या पाटीखाली बिलामागचं सगळं मोठ्या अक्षरात लिहिलं. शेठनं ते पुसलं आणि मला घरी पाठवलं. आता मी दुसऱ्या दुकानात आहे, पंखे विकते. मावशी स्थळं बघते. हिरव्या बांगड्या मी काढलेल्या नाहीत.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी आईचा फोन आला. कापूस कसा झाला, म्हैस व्याली का, असं बोलता बोलता म्हणाली, "आगं, वावरात मेंढरं बसलीत. औंदा म्हातारा नाय, त्याचं पोरगंच आलंय कंपनी सोडून. भोंगा हाय त्याच्याजवळ, काळा. रोज दिवस मावळायला गातंय. लई गोड, पर ऐकलं की रडूच येतंय बघ…"

"आई, फोन जरा तिकडं धर गं."

"कामून?"

"धर ना!"

आधी वारा आला, मग मेंढरांची बें-बें, आणि मग लांबून तो आवाज. मोठा नव्हता. माणसाचा आवाज माणसासारखा ऐकू येत होता. मी डोळे मिटले आणि फोन ओठांशी धरून हळूच म्हटलं, "बोला ना… ऐकतेय."

तिकडे ओवी चालूच राहिली.