मास्क उपटण्याआधी

मास्तरांच्या दुकानात मास्क घ्यायला येणाऱ्याला आधी स्वतःच्या तोंडाबद्दल चार शब्द ऐकून घ्यावे लागत. मास्तर कधीकाळी समुद्रात बुडी मारायला शिकवायचे. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी बंदराजवळ बुडीच्या सामानाचं हे दुकान टाकलं. "गाल बसलेत तुमचे, हा नको," ते बिनदिक्कत सांगत. "मिशी राखायची की कोरडं राहायचं ते ठरवा, मग या."

त्या दुपारी गिऱ्हाईक घरचंच होतं. दुसऱ्या दिवशी मुलीची पहिली बुडी होती, आणि तिची आई सकाळपासून तोंड फुगवून बसली होती. फिन्स पटकन मिळाले, टाच घट्ट पण बोटं हलतील असे. तोंडात धरायच्या स्नॉर्कलच्या नळीचं रबर हिरड्यांना टोचत नाही ना, हे मास्तरांनी तिला पुन्हा पुन्हा चावायला लावून पाहिलं.

"बाबा, मला काय दात यायचेत का?"

गाडं अडलं ते मास्कवर. मास्कची परीक्षा तशी सोपी. पट्टा न लावता तो तोंडावर टेकवायचा, नाकाने हलकेच श्वास ओढायचा आणि हात सोडायचे. मापाचा असेल तर चिकटून राहतो, नाहीतर पडतो. मास्तर त्यात एक नियम पाळत. काढायच्या आधी माणसाला श्वास सोडू द्यायचा, आत ओढलेला असताना मास्क कधीच उपटायचा नाही. हे त्यांच्या गुरूंनी शिकवलं होतं. का, ते गुरूंनी सांगितलं नव्हतं आणि मास्तरांनीही विचारलं नव्हतं.

एकेक मास्क मुलीच्या हातात पडत गेला.

"नाक काकावर गेलंय ना माझं," ती वैतागली. "काकाला कुठला बसायचा?"

मास्तर आणखी मास्क आणायला आत गेले. काका म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. एका सकाळी तो पाण्यात उतरला, आणि वर आला तो त्याचा मास्क एकटाच. काळ्या जाड रबराचा तो मास्क गल्ल्यामागे खिळ्यावर टांगलेला असे. विकायला नाही, नुसताच.

मास्तर आतून आणखी माल घेऊन आले, तर मुलगी खिळ्याखाली उभी. तोंडावर काळा मास्क, हात मोकळे.

"बघ, कसा बसलाय!"

"काढ तो."

ती हसली. हसलं की गालांना वळी पडते आणि मास्क सुटतो, हे मास्तर उभा जन्म पाहत आले होते. हा सुटला नाही. रबर गालांत आणखी रुतलं.

"बाबा, निघत नाहीये."

मास्तर हातातला माल टाकून पुढे झाले. "श्वास सोड. नाकाने सोड."

"सुटत नाहीये."

काचेमागे तिचे डोळे मोठे झाले. मास्तरांनी रबराखाली बोट घातलं आणि मास्क उपटला.

ती खोकली, गाल चोळत हसली. "केवढा घाबरलास!"

मास्तर हातातल्या मास्ककडे बघत होते. काच आतून धुरकटली होती. बघता बघता ती निवळली. मग पुन्हा धुरकटली.

त्यांनी तो खोक्यात घालून वर घट्ट झाकण लावलं. मुलीला एक निळा, जेमतेम बसणारा मास्क दिला. पाण्यात उतरताना काच आतून थुंकीने चोळून घे, नाहीतर धुरकटते, असं बजावलं.

सकाळी निघताना ती म्हणाली, "रात्रभर कोंडल्यासारखं होत होतं रे."

दुकानात येताच मास्तरांनी खोका उघडला. काच धुरकटायची, निवळायची, धुरकटायची, निवळायची. मुलगी लहानपणी तापाने फणफणली होती, तेव्हा तिच्या उशाशी ते असेच श्वासाकडे डोळे लावून बसले होते. मध्येच लय बिघडली, भराभर झाली. मास्तरांनी गल्ला घट्ट धरला. मग ती पुन्हा संथ झाली.

दुपारी आईसोबत ती आली. केस ओले, स्वारी खुशीत. मास्तरांना रडूच फुटलं. त्यांनी तिला जवळ घेतलं. ती थंडगार होती.

"थुंकीचं साफ विसरले," ती म्हणाली. "तरी काच एकदासुद्धा धुरकटली नाही! आणि हवेची टाकी होती तशी भरलेलीच वर आली. बुडी शिकवणारे सर म्हणाले, काटा बिघडला असणार."

मास्तरांनी निळा मास्क तिच्या तोंडाला लावला.

"नाकाने श्वास सोड."

"आता कशाला?"

"सोड, बाळा."

तिने छाती भरून घेतली आणि सोडली. काच लख्ख राहिली.

मागे गल्ल्यावर, उघड्या खोक्यात, काळ्या मास्कची काच हळूहळू धुरकटली.

"किती हा पसारा," म्हणत बायकोने झाकण उचललं आणि खोक्याकडे वळली.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "उघडंच राहू दे."