बाकावरचा काफ्तान

लाकडी बाकावर सगळीकडे धूळ सारखी बसली होती. फक्त हातभर लांबीच्या एका चौकोनात ती नव्हती. नुहैलाने बोट फिरवून पाहिलं. गाठोडं इथेच होतं आणि नुकतंच कोणीतरी उचललं होतं.

"चोरी झाली," द्रीस मामा तिसऱ्यांदा म्हणाला आणि पोलिसाला शोधायला निघून गेला.

वसंताच्या सुट्टीचा चौथा दिवस. कासाब्लांकाहून आलेल्या मामाला आणि त्याच्या मुलाला, अनसला, फेस शहर दाखवता दाखवता नुहैलाच्या पायांचे तुकडे पडायची वेळ आली होती. जुना मदरसा झाला, कातडं रंगवायचे हौद झाले, सपाता तर पाच दुकानांत घालून पाहिल्या. बतूल मावशी मागून गाठोडं घेऊन चालत होती. त्यात तिचा लग्नाचा काफ्तान, पायघोळ रेशमी झगा, होता. ठरलेलं लग्न मोडून अकरा वर्षं झाली. दरवर्षी ती तो विकायला काढी आणि पुन्हा पेटीत ठेवी. आजही 'नुसता भाव विचारू' म्हणून आणलेला. मामाने तो तिच्याकडून घेतला, बाकावर ठेवला आणि सपातांची घासाघीस करत बसला.

मावशी आता पायरीवर बसली होती, रिकामे हात मांडीत ठेवून. रडत नव्हती. नुहैलाला त्याचीच भीती वाटली.

"अनस, तू बाबांजवळ होतास ना? कोण आलं होतं?"

"एक आजोबा. 'फिरवू का?' म्हणाले. बाबांनी मान हलवली. मग परत आले, 'देऊ का?' म्हणाले. बाबांनी पुन्हा हलवली."

"न बघता?"

"फोनवर होते. फोनवर असले की ते मलासुद्धा देऊन टाकतील."

नुहैलाने कपाळाला हात लावला. तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर या बाकावर ठेवलेली वस्तू लिलावाची, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. दलाल ती खांद्यावर टाकून दुकानोदुकानी बोली वाढवत फिरतो आणि शेवटी मालकाला विचारतो. मालक हो म्हणाला की संपलं.

"अजून गिऱ्हाइकाच्या हातात दिला नसेल. चल."

पाय नको म्हणत होते. तरी दोघं रेशमाच्या गल्लीपर्यंत धावली. म्हातारे दलाल हाज लहसन पिस्तारंगी काफ्तान एका बाईपुढे धरून उभे होते.

"हाज, थांबा. मालकिणीने हो म्हटलेलं नाही."

"पोरी, मी दोनदा विचारलं. दोनदा मान हलली."

"ती माझ्या बाबांची मान," अनस धापा टाकत म्हणाला. "काफ्तान त्यांचा नाही. ते काय तो घालणार आहेत?"

बाई हसली. हाज हसले नाहीत. त्यांनी काफ्तान पुन्हा खांद्यावर घेतला आणि मुलांच्या मागून चालू लागले. बाईही आली.

"पन्नास वर्षांत माझा सौदा कोणी अडवला नव्हता," वाटेत ते म्हणाले. "बरं केलंत."

मामा पोलिसाशिवायच परतला होता. "सापडला? चला, आटपा."

"तुम्ही जरा मान सरळ ठेवा," हाज म्हणाले आणि मावशीसमोर वाकले. "तीन हजार दिरहम. या बाईंच्या मुलीसाठी. शनिवारी लग्न आहे. देऊ का?"

नुहैलाच्या मते उत्तर एकच होतं: नको. मावशीने गळ्याची रेशमी गोंडेदार पट्टी बोटांनी सरळ केली. मग बाईकडे पाहिलं.

"मुलगी उंच आहे?"

"तुमच्याएवढीच."

मावशीने हात मागे घेतला.

"द्या," ती म्हणाली.