दुमडलेला मायना

"गादी? नाटकमंडळानं कधी कोणाला गादी भरून दिली?" सत्यमनं विचारलं.

उन्हाळी सुट्टीतल्या बालनाट्य शिबिरात चहा-बिस्किटांची वेळ झाली होती. सत्यम, त्याची मोठी बहीण रत्नमाला आणि पुंडलिकनगरात त्यांच्या शेजारी राहणारी उजमा नाट्यगृहाच्या व्हरांड्यात उभी होती. मंडळाच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन उद्यापासून भरणार होतं. भिंतीवर चौकटीत एक पत्र लावलेलं होतं आणि खाली पाटी होती, 'संगीतकार दिनकर तांदळे यांचे मंडळास पत्र, १९८८'.

रत्नमालानं ते पुन्हा वाचलं. "दुसऱ्या अंकातल्या गाण्याबद्दल सगळे माझं कौतुक करतात. चाल मी बांधली, पण ठेका तुमच्या तातेचा आहे. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तुम्ही भरून दिलेल्या गादीवर बसूनच हे लिहितो आहे. आपला, दिनकर तांदळे."

"तात म्हणजे?" सत्यम म्हणाला.

उजमाचा चेहरा एकदम बदलला. "धुनकीची तार. कापूस पिंजायच्या धनुष्याला ताणलेली असते. माझे दादाअब्बा पिंजारी होते ना. गल्लोगल्ली जाऊन गाद्या भरायचे." ती थांबली. "ते नेहमी सांगतात, एक तांदळे साहेब होते, मला पत्र लिहितो म्हणाले होते. घरात सगळे हसतात त्यांना. पण पोस्टमन दिसला की ते अजून दारात जातात."

मग रत्नमाला चौकटीच्या अगदी जवळ गेली. "हे बघ. कागदाची वरची कड सरळ नाही, घडी आहे ती. वरचा भाग मागं दुमडलाय. आणि पत्राला मायना कुठंय? कोणाला लिहिलं तेच दिसत नाही."

मंडळाचे कार्यवाह बोधनकर काका खुर्च्या मोजत होते. उजमानं त्यांना सगळं सांगितलं.

"अगं, चौकट लहान पडली म्हणून दुमडलं," काका म्हणाले. "मंडळाच्या कपाटात सापडलेलं पत्र मंडळालाच असणार. आता ते उघडायला वेळ नाही. जा, तालमीला जा."

"पण काका..."

"उजमा, उद्या पाहुणे येणारेत."

उजमाच्या डोळ्यांत पाणी आलं. रत्नमालानं तिचा हात धरून तिला बाजूला नेलं. "रडू नको. काकांना माईक लई आवडतो, हे तुला माहितीये ना?"

तालीम संपता संपता रत्नमाला शिबिराच्या सुलेखाताईंसमोर उभी राहिली. "ताई, उद्या पाहुण्यांसमोर बोधनकर काकांनी तांदळे साहेबांचं पत्र वाचलं तर? त्यांचा आवाज किती भारदस्त आहे. पण वाचायचं तर पूर्ण वाचावं, मायन्यापासून. अर्धवट कसं वाटेल?"

"छान कल्पना आहे," ताई म्हणाल्या आणि त्यांनी काकांना हाक मारली. "बोधनकर, आत्ताच एकदा वाचून दाखवता का मुलांना?"

काकांनी घसा साफ केला. स्वतःच खिळे काढून चौकट उघडली, घडी सरळ केली, चष्मा नाकावर चढवला आणि पोरांसमोर उभे राहिले.

"प्रिय कमरोद्दीनभाई," त्यांनी सुरुवात केली, आणि ते तिथंच अडले.

उजमा हळूच म्हणाली, "माझ्या दादाअब्बांचं नाव आहे ते."

काकांनी पुढच्या ओळी मनातल्या मनात वाचल्या. मग पडलेल्या आवाजात ते म्हणाले, "लिहिलंय की, तुमचा पत्ता माझ्याकडं नाही, म्हणून मंडळाच्या पत्त्यावर पाठवतो, ते तुम्हाला नक्की पोचवतील." त्यांनी चष्मा काढला. "मी फक्त सही बघितली गं. वरचं वाचलंच नाही."

संध्याकाळी बोधनकर काका स्वतः पत्र घेऊन पुंडलिकनगरात आले. सोबत सुलेखाताई होत्या. कमरोद्दीन दादाअब्बा बाजेवर बसले होते. काका त्यांच्यासमोर खालीच बसले. "चाचा, हे तुमचं पत्र. आमच्याकडून पोचवायचं राहिलं. माफ करा."

"ही तीन पोरं नसती, तर आम्ही हे चुकीच्या नावानं मिरवलं असतं," सुलेखाताई म्हणाल्या. "आमच्याहून नीट वाचतात ती."

उजमानं पत्र वाचून दाखवलं. दादाअब्बांनी ते आणखी एकदा वाचायला लावलं. मग कागद हातात घेतला आणि सहीवरून अंगठा फिरवला.

"साहेब आता कुठं असतात?" त्यांनी विचारलं.

बोधनकर काकांनी मान खाली घातली. "बारा वर्षं झाली त्यांना जाऊन."

आतल्या खोलीत कुकरची शिट्टी झाली.

"त्यांच्या खिडकीखाली बसून मी चार दिवस कापूस पिंजला होता," दादाअब्बा म्हणाले. "वर साहेबांची पेटी चालू असायची. लिहितात ठेका माझा म्हणून. पण बेटा, माझा हात तसा कधी चालतच नव्हता. पेटी ऐकून मी तात सावकाश मारायला लागलो. मी त्यांच्याकडून घेतला आन् त्यांनी माझ्याकडून. त्यांना ठाऊकच नाय."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?" सत्यमनं विचारलं.

"पत्र आलं की उत्तरात लिहीन म्हटलं होतं."

उजमा उठली. तिनं आतून वही आणि पेन आणलं आणि दादाअब्बांच्या पायाशी बसली.

"सांगा," ती म्हणाली. "मायना काय घालू?"

त्यांनी डोळे मिटले. "लिही... प्रिय दिनकरभाई."