एकाच आडनावाची खोकी

“पूर्ण नाव लिही गं, नयन,” गोदामावशीने फोनवर बजावलं होतं. “मानपाड्यात दगड भिरकावला तर तो म्हात्र्यालाच लागतो.”

मी ते हसण्यावारी नेलं. घटस्फोटानंतर माहेरचं आडनाव नुकतंच परत मिळालं होतं. नाशिकचा संसार गुंडाळताना सातही खोक्यांवर मी जाड मार्करने, जरा मिरवतच, एवढंच लिहिलं – म्हात्रे, डोंबिवली. पत्ता आणि नंबर पार्सल कंपनीच्या स्टिकरवर होताच की. ते स्टिकर वाटेत गळून पडेल आणि उरेल फक्त माझं अक्षर, हे कुणाला ठाऊक?

दहा दिवस खोक्यांचा पत्ता नाही. मी डोंबिवलीत, मानपाड्याच्या नव्या घरात सतरंजीवर, आणि माझी तीन वर्षांची छबी तिच्या गोधडीवाचून रडून रडून झोपणारी. कस्टमर केअरचा मुलगा रोज तेच सांगायचा, की सिस्टममध्ये डिलिव्हर दाखवतंय. घरात दिसत नाही रे, असं मी म्हटलं की तो समजूत काढल्यासारखा म्हणायचा, सिस्टममध्ये दिसतंय ना मॅडम.

अकराव्या दिवशी सात खोकी आली. तीन माझी. उरलेल्या चारांवरही ‘म्हात्रे, डोंबिवली’च होतं, पण अक्षर दुसऱ्याचं.

परकी खोकी उघडू नयेत, हे मलाही कळतं. पण गोधडी त्यात असली तर? उघडली. आत स्टीलचे डबे, पातेली, वाट्या, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं – संचिता. मोठ्या डब्यावर तर पूर्ण ओळ, ‘चि. सौ. कां. संचिता हिस, आईकडून’. एकाही डब्याला पोचा नाही, एकही झाकण हरवलेलं नाही. माझ्या लग्नातली भांडी नाशिकलाच राहिली होती. त्यांच्यावर सासरचं नाव होतं म्हणून.

त्या न पाहिलेल्या बाईचा मला असा काही हेवा वाटला, की मी झाकण धाडकन लावलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बेल वाजली. दारात उंचसा, सावळा माणूस, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, आणि हातात माझं खोकं.

“म्हात्रे?” त्याने विचारलं.

“हो. आपण?”

“मीपण म्हात्रे. सुदेश. इथलाच, कोपरचा.” तो हसला. “तुमच्या खोक्यात तुमच्या गोदामावशीची चिठ्ठी सापडली, नंबरसकट. पत्ता त्यांनीच सांगितला. म्हणजे… मी उघडलं. सॉरी.”

उघडल्याबद्दल मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. माझ्या मागे त्याचं उघडलेलं खोकं आ वासून पडलं होतं, ते त्याने पाहिलं आणि हातातलं खोकं हळूच त्याच्या शेजारी ठेवलं. ते मला आवडलं. मग लगेच आठवलं – संचिता.

एक खोकं ठेवून त्याने एक नेलं. स्कूटरवर एकच मावतं म्हणाला. पुढच्या रविवारी दुसरं आणलं, त्याच्या पुढच्या रविवारी तिसरं. दरवेळी चहा व्हायचा. तो छबीला खोक्याच्या पुठ्ठ्याचं घर करून द्यायचा, खिडक्या कापून, दाराला बिजागरीसुद्धा. कापताना जीभ दाताखाली धरायचा. मी ओट्यापाशी उभी राहून बघायची, आणि चहा दोनदा उतू गेला.

शनिवारी मी केस धुवायला लागले होते. आणि शनिवारीच डब्यांवरचं ते नाव डोळ्यांसमोर यायचं.

“घरी वाट बघत असतील,” मी एकदा खडा टाकला.

“कोण?”

“डब्यांवर जिचं नाव आहे, ती.”

“संचिता मस्कतला असते. नर्स आहे,” तो म्हणाला, आणि कापलेली खिडकी छबीला दाखवायला वळला. पुढे विचारायचं होतं… पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

तिसऱ्या रविवारी त्याचा फोन टेबलावर थरथरला. स्क्रीनवर तेच नाव. तो माझ्यासमोरच बोलला, अगदी घरगुती आवाजात. गोळ्या दिल्या, साखर काल बरी होती, हो, जेवण जातंय. मध्येच हसलासुद्धा. ते हसू मी आजवर फक्त आमच्याच घरात ऐकलं होतं.

तो फोन ठेवायच्या आत मी त्याचा कप विसळून टाकला होता. चौथं खोकं कंपनीच्या गोदामात जमा करा, मी तिथून घेईन, असं सांगितलं. तो कपाकडे बघत राहिला, मग गेला.

आठवडाभर मी स्वतःलाच समजावलं की बायकोवाल्या माणसापासून वेळेत सुटले. पण छबी पुठ्ठ्याच्या घरात बसून त्याची वाट बघायची, आणि गोधडी त्या चौथ्या खोक्यातच होती. शेवटी मीच तिला घेऊन, त्याचं चौथं खोकं रिक्षात टाकून, कोपरला गेले. गोधडीसाठी, असं स्वतःला सांगत.

दार एका म्हातारीने उघडलं. रखमाबाई, अलिबागकडच्या. नऊवारी, पातळ शुभ्र केस, कपाळ कोरं. मागे फळीवर संचिताचे डबे ओळीने लावलेले.

“तू म्हात्र्यांची नयन,” त्या म्हणाल्या. “ये. यो दर ऐतवारी डोक्याला तेल लावून जातो, तवाच मी वलखली.”

सुदेश आतल्या खोलीच्या दारात, कानापर्यंत लाल. मी छबीला घट्ट धरलं आणि शक्य तितक्या थंडपणे विचारलं की आपण सुदेशच्या आई का.

“संचिताची आये. माजी पोर याची बायको होती. चार वर्सं झाली, कोर्टात सह्या करून मस्कतला गेली. दोगा भांडली नाय, पटला नाय.” त्यांनी मला बसायला खुर्ची सरकवली. “लोकांची पोर रहते नि जावय जातो. माजी पोर गेली नि जावय रायला. माना एकटीला ठेवनार नाय म्हनला, घर उचलून हिकरं आनला.”

मी सुदेशकडे पाहिलं. “हे तुम्हाला सांगता येत नव्हतं?”

“विचारलं कुठे तुम्ही? नुसता कप विसळलात.”

माझं चौथं खोकं कोपऱ्यात तसंच होतं. गोदामात का नाही दिलं, मी विचारलं.

“दिलं असतं तर तुम्ही इथे आला नसता,” तो म्हणाला. “आणि… मित्राचा टेम्पो आहे. चारही खोकी पहिल्याच दिवशी आणता आली असती, नयन.”

पहिल्यांदाच नुसतं नयन. रखमाबाई चहा ठेवायला उठल्या, गरजेपेक्षा बराच वेळ आत राहिल्या.

आमचं लग्न रजिस्टर झालं. आडनाव बदलायचा प्रश्नच नव्हता. मला नौपाड्यातल्या दवाखान्यात नोकरी लागली, छबीची शाळाही तिथलीच, म्हणून आम्ही ठाण्याला आलो. रखमाबाई आल्या नाहीत. दुसरीच्या संसारात मी कशाला, म्हणाल्या. सुदेशने खूप विनवलं. मी एकदाच म्हटलं, तेही हळू आवाजात. खरं सांगते, दर रविवारी माझ्या घरात संचिताचा व्हिडिओ कॉल लागणार नाही, याने मला हलकं वाटलं होतं.

परवा माझ्या फोनवर अनोळखी परदेशी नंबर आला. संचिता. आवाज माझ्या कल्पनेपेक्षा दमलेला. आई दोन रविवार व्हिडिओ लावत नाही, नुसतं बोलते, म्हणाली. “तुम्ही बघाल का हो एकदा? तुमच्याशिवाय कुणाला सांगू?”

आम्ही कालच जाऊन आलो. पण आम्ही येणार म्हटलं की रखमाबाई घर आवरून, पावडर लावून खुर्चीत बसलेल्या असतात. निघेपर्यंत एकदाही उठल्या नाहीत. बरी हाय, बरी हाय. आता आमच्याकडेच चला म्हटलं, या वेळी मोठ्याने आणि तीनदा म्हटलं, तर हसल्या.

आपलं खरं दाखवायला माणसाला कधी कधी परकं माणूस लागतं. तुम्ही कोपरला राहत असाल, तर स्टेशनच्या पश्चिमेला, पिठाच्या गिरणीवरचा दुसरा मजला, डावीकडचं दार. माझं नाव सांगू नका. तहान लागलीय म्हणा, त्या पाणी दिल्याशिवाय सोडणार नाहीत. पाणी आणायला आतपर्यंत भिंत धरून जातात का, तेवढं बघा… आणि मला कळवा.