मुंजाजीला हाक

सोनपेठकडून पोटासाठी आलेल्या माणसांचा बन्सीधरला भारी तिटकारा. वीस वर्षांपूर्वी तोही तिकडच्याच एसटीनं परभणीत उतरला होता, पण असल्या गोष्टी ध्यानात ठेवण्याइतका तो खुळा नव्हता. आपल्या बंगल्यामागं त्यानं भाड्यानं द्यायला पत्र्याच्या दहा खोल्या काढल्या होत्या. त्यांतल्या एकीत मुंजाजी गवंडी वैशाखाच्या उकाड्यानं मेला. पत्र्यावर उसाचं पाचट टाकू द्या म्हणून तो दोनदा विनवून गेला होता. बंगल्याची शोभा जाते, म्हणून बन्सीधरनं त्याला हाकलला.

आज भर दुपारी बन्सीधर ती खोली रिकामी करून घ्यायला गेला. मुंजाजीची बायको झुंबरबाई गाठोडं घेऊन उंबऱ्यात उभी होती, पण पाय काही काढेना.

"आता कशाची वाट बघायलीस?"

"मालक, घर सोडताना मेलेल्याला नाव घेऊन हाक मारावी लागती, गावाकडं चला म्हणून. न्हाईतर हितंच अडकून ऱ्हातेत. पर ह्यांचं नाव कदी तोंडातून काढलं न्हाई वो मी..."

अडाण्यांचा बाजार नुसता! तिचे ओठ हलत होते आणि शब्द फुटत नव्हता. बन्सीधरला दम कुठला? त्यानंच आत तोंड घालून आवाज दिला, "ए मुंजाजी! चल, ऊठ, नीघ बाहेर!"

झुंबरबाईचं तोंड पांढरं पडलं.

"तुमी का मारली हाक, मालक... जो बोलावतो, त्याच्याच मागं जातेत."

गाठोडं काखेला मारून ती स्टँडकडं निघाली.

बन्सीधर हसत घरी येऊन कूलरपुढं बसला. कूलर घरघरत होता, पण वारा अंगाला लागेना. तो डावीकडं सरकला, उजवीकडं सरकला. वारा मध्येच अडत होता, पुढ्यात कुणी ऐसपैस बसल्यागत. ओल्या सिमेंटचा, घामाचा वास आला... शेठची सगळी मिजास तिथंच जिरली. अनवाणीच तो स्टँडवर पळाला.

गाडी लागली होती. चारचौघांत त्यानं झुंबरबाईपुढं हात जोडले. "बाई, घेऊन जा त्याला. पाया पडतो."

पदर तोंडाशी धरून तिनं जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं. "मुंजाजी... चला, घरी जाऊ."

मग बन्सीधरच्या खांद्यामागं कान देऊन ती बराच वेळ ऐकत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"न्हाई म्हनायलेत... म्हनले, बारा वर्सं लोकाची घरं बांधली. आता कुठं गार जागा गावली."

ती एकटीच गाडीत चढली. बन्सीधरकडं तिनं वळूनही पाहिलं नाही.

तो पाय ओढत फाटकात आला. त्याची बायको कुसुमबाई अंगणातून, खिडकीतल्या कूलरच्या टाकीत बादलीनं पाणी ओतत होती. नवरा मागं उभा आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

"भरायले की, अहो," ती खिडकीतून आत बघत म्हणाली, "किती डाव सांगताल?"